गावच्या जंगलात फिरायच्या वाटा आखताना: जेसीबी बोलावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आंबेगाव-जुन्नर पट्ट्यातल्या एका गावाला सामूहिक वनहक्कात साधारण दीडशे हेक्टर जंगल मिळालं आहे. बाजाराचं शहर तिथून पाचेक किलोमीटरवर. तिथली मंडळी सकाळी फिरायला आणि रविवारी पोराबाळांना घेऊन डोंगरावर यायला लागली आहेत. ग्रामसभेला वाटतं की नीट वाटा केल्या तर या गर्दीला वळण लागेल आणि गावाला चार पैसेही मिळतील. एका ठेकेदाराने अंदाजपत्रक दिलंय: जेसीबीने पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीन मीटर रुंदीचा ‘ट्रॅक’, चढावर काँक्रीटच्या पायऱ्या, सपाटीला पेव्हर ब्लॉक. समितीतल्या एका तरुण सदस्याने विचारलंय की वाट किती रुंद ठेवावी, किती लांब, कुठून काढावी, आणि सायकलवाल्यांना तीच चालेल का.

चारही गोष्टींची उत्तरं देतो, पण त्यांचा क्रम बदलून. हे अंदाजपत्रक डोंगरावर वाटाच नाहीत असं धरून केलेलं दिसतं. वाटा आहेत, आणि बहुधा हव्यात त्यापेक्षा जास्त आहेत. गुरांच्या आहेत, सरपणाच्या आहेत, हिरड्याच्या आहेत, देवाला जाणारी एक असेल, आणि गेल्या काही वर्षांत शहरातल्या लोकांनी जिथून सुचेल तिथून पाडलेल्या आहेत. त्यामुळे तुमच्यापुढचं खरं काम वाट खोदण्याचं थोडं आणि निवड करण्याचं फार आहे. कोणती ठेवायची, कोणती वळवायची, कोणती बुजवायची, आणि डोंगराच्या कुठल्या भागात फिरायला येणाऱ्याने पाऊलच टाकायचं नाही. हे ठरलं की रुंदी-लांबी आपोआप ठरत जाते.

तुमचा डोंगर मी पाहिलेला नाही, तेव्हा काही गोष्टी जागेवर जाऊनच कळतील. माती मुरमाड आहे की काळी, पायथ्याचा उतार किती, पाऊस घाटमाथ्यासारखा धो धो की पूर्वेकडच्यासारखा बेताचा, यावर बरंच अवलंबून आहे. आंबेगाव-जुन्नरात पश्चिमेकडून पूर्वेकडे थोडं सरकलात तरी पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि घाटमाथ्याजवळ दोन पावसाळ्यांत वाहून जाणारी वाट पूर्वेला दहा वर्षं टिकू शकते. मी पाणलोटाच्या कामातून या कामात आलो. आधी सलग समतल चर आखायचो, मग वाटा आखायला लागलो. त्यामुळे माझं सगळं विचार करणं पाण्यापासून सुरू होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आधी कागद बघू, कारण इथे अडलं तर पुढचं सगळं अडेल. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला असेल तर 2006च्या वनहक्क कायद्याने जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेचा आहे. 2012च्या सुधारित नियमांप्रमाणे नियम 4(1)(ई)खाली ग्रामसभेने नेमलेली समिती व्यवस्थापन आराखडा करते. फिरायच्या वाटा त्या आराखड्यात आल्या पाहिजेत, नकाशासकट, आणि ग्रामसभेच्या ठरावाने. हाताने कापलेली, एकही झाड न तोडलेली मातीची पायवाट आणि काँक्रीट ओतलेला तीन मीटरचा ट्रॅक या कायद्याच्या नजरेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीला हात घातलात की 1980च्या वन संवर्धन कायद्याचा, म्हणजे वनजमीन वनेतर कामाला वापरायच्या परवानगीचा, प्रश्न उभा राहतो. म्हणून काय चालेल आणि काय नाही याचं उत्तर उपवनसंरक्षक कार्यालयाकडून लेखी घ्या. गार्डसाहेब तोंडी ‘करा हो’ म्हणाले यावर काम सुरू करू नका. त्यांची बदली होते, वाट तिथेच राहते. हेही तपासा की डोंगराचा सगळा भाग खरंच तुमच्या हक्कपत्रात आहे का. एखादा गट राखीव वनातला, एखादा गायरानातला आणि मधली पट्टी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर, असं हमखास निघतं.

आता डोंगर. पहिल्या फेऱ्या तुमच्या गुराख्यांबरोबर आणि सरपणाला जाणाऱ्या बायकांबरोबर करा. शहरातला हौशी ट्रेकर बरोबर नको, निदान सुरुवातीला. मोबाइलवर ट्रॅक नोंदवत चाला आणि प्रत्येक वाटेला विचारा, ही कुणाची, कोणत्या महिन्यात चालते, पावसात काय होतं. तुमच्या भागात बाळहिरडा हे घराघरातलं रोख पीक आहे. उन्हाळ्यात झाडाखाली हिरडा गोळा करायला, वाळवायला माणसं दिवसभर असतात. त्या झाडांमधून रविवारचे फिरणारे गेले की दोन गोष्टी होतात. वाळत घातलेला माल तुडवला जातो, आणि ‘जंगलातलंच आहे की’ म्हणून पिशव्या भरल्या जातात. फिरायची वाट हिरड्याच्या राईला वळसा घालूनच न्या. तसंच सरपणाचं. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई अरुंद वाटेवर बाजूला होऊ शकत नाही, आणि समोरून येणारा माणूस मोबाइल काढून तिचा फोटो घेतो हे मी अनेकदा पाहिलं आहे. बायकांनाच विचारा की तुमची वाट वेगळी ठेवायची की वेळ वेगळी. बैठकीत पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत, वाटेवर चालताना बोलतात.

देवराई असेल तर तिच्या हद्दीबाहेरून जा. आतून न्यायची की नाही हा गावकीचा आणि देवाचा प्रश्न आहे, वाट आखणाऱ्याचा नाही.

नकाशावर हे सगळं आलं की एक काम लगेच करा, कारण नंतर होत नाही. डोंगराची एक अख्खी बाजू फिरणाऱ्यांसाठी बंद ठरवून टाका. शक्यतो शहरापासून लांबची, पाणवठा असलेली, झाडी दाट असलेली. तिथे गावची नेहमीची ये-जा राहील, पण फलक नाही, वाट नाही, नकाशावर रेघ नाही. वाटा सगळीकडे सारख्या पसरल्या की जनावराला दिवसभर निवांत अशी जागाच उरत नाही. पुण्यातल्या टेकड्या बघा: कुठेही उभं राहा, नजरेच्या टप्प्यात तीन पायवाटा दिसतात आणि त्यातली एकही कुणी विचार करून पाडलेली नाही.

आता पाणी. तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त सर्वेक्षण म्हणजे भर पावसात छत्री घेऊन डोंगरावर जाणं. जूनच्या अखेरीस, जमीन भिजून तुडुंब झाल्यावर, एखादी जोरदार सर येईल तेव्हा जुन्या वाटांवर उभे राहा. काही वाटांचा ओहोळ झालेला दिसेल. वरून आलेलं पाणी वाटेत शिरतं आणि बाहेर पडायला जागा नसल्यामुळे वाटेतूनच धावत खाली जातं. आठवड्याभरात तिथे वीतभर खोल घळ पडते. काही वाटा मात्र त्याच पावसात नुसत्या ओल्या दिसतात, पाणी एका कडेने येतं आणि आडवं पार होऊन दुसऱ्या कडेने निघून जातं. या दोन वाटांमध्ये माती एकच, पाऊस एकच. फरक फक्त दिशेचा. पहिली उताराच्या सरळ रेषेत आहे, दुसरी उताराला आडवी.

म्हणून माझा पहिला नियम असा की वाट उताराला आडवी मारत चढली पाहिजे. किती आडवी? त्याचं सोपं गणित आहे. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ कमी हवा. डोंगर दहा मीटरला चार मीटर चढत असेल, म्हणजे चाळीस टक्के उतार असेल, तर वाटेचा चढ कुठेही वीस टक्क्यांवर जाता कामा नये, आणि सरासरी तर दहाच्या आतच ठेवायची. मी सहसा आठ टक्के धरतो. तुमचा माथा पायथ्यापासून समजा एकशे वीस मीटर उंच असेल, तर ठेकेदाराची सरळ वाट तीनशे मीटरच्या आसपास भरेल आणि माझी दीड किलोमीटर होईल. ‘एवढी लांब?’ असं समितीत कुणीतरी म्हणणारच. पण त्या तीनशे मीटरला साठीची माणसं तीनदा बसतात, आणि दीड किलोमीटर गप्पा मारत चढून जातात. शिवाय फिरायला आलेल्याला लांब वाटच हवी असते, त्याला माथ्यावर काही काम नसतं.

हा चढ आखायला महागडं यंत्र लागत नाही. पाणलोटातली ए-फ्रेम तुमच्या गावात कुणाच्या तरी पडवीत असेल. नसेल तर शेंड्याला एकत्र बांधलेले दोन सारख्या उंचीचे बांबू, मधे आडवी पट्टी, शेंड्यावरून सोडलेली दोरी आणि टोकाला दगड. दोन पायांत अंतर बरोबर दोन मीटर ठेवा. सपाट जागी उभी करून, मग पाय अदलाबदल करून, दोन्ही वेळा दोरी आडव्या पट्टीवर जिथे येते त्या दोन जागांच्या मधोमध खूण करा. एवढ्यावर समपातळी रेषा मिळते. आठ टक्क्यांचा चढ हवा तर एका पायाखाली सोळा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा बांधा आणि तो पाय कायम उताराकडे ठेवा. दोरी खुणेवर आली की वरच्या पायाची जागा सापडली. तिथे खुंटी, खालचा पाय उचलून त्या खुंटीवर, आणि पुन्हा वरच्या पायाने पुढची जागा शोधायची. दोघं जण सकाळभरात बरंच अंतर उरकतात. खुंट्यांना रंगीत चिंधी बांधा, आणि मग लांब जाऊन समोरच्या टेकाडावरून ती रेघ बघा. कुठे ती कातळाला धडकते, कुठे झाडाच्या मुळांतून जाते, कुठे उगाच सोंडेच्या बाहेर पडते ते तिथून दिसतं. ती दुरुस्त करा, परत बघा. मी एक वाट तीन-चार वेळा आखल्याशिवाय टिकाव मारू देत नाही. चिंध्या हलवायला काही खर्च येत नाही.

सपाटी मात्र फसवी. लोकांना वाटतं चढ अवघड आणि पठार सोपं. वाटेच्या दृष्टीने नेमकं उलटं आहे. जमिनीलाच उतार नसेल तर पाणी वाटेतून बाहेर जाणार कुठे? चालून चालून वाट दोन बोटं खचते, तिथे पाणी साठतं, चिखल होतो, लोक चिखल चुकवायला बाजूच्या गवतातून जातात, तिथेही चिखल होतो, आणि मीटरभराची वाट बघता बघता चार मीटरची होते. पायथ्याची काळी जमीन असेल तर हे एकाच पावसाळ्यात घडतं. म्हणून पायथ्याच्या सपाटीतून लवकरात लवकर बाहेर पडून उताराला लागा. माथ्यावरच्या पठारावर जायचंच तर उघड्या कातळावरून न्या. कातळ हा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ रस्ता आहे, त्याला काही करावं लागत नाही. पण कातळाशेजारच्या दोन बोटं मातीत पावसाळ्यात जी बारीक फुलं येतात, सीतेची आसवं वगैरे, ती बुटाखाली पहिल्यांदा जातात. तिथे दगडांची एक ठेंगणी ओळ लावली तर बहुतेक लोक ती ओलांडत नाहीत.

जेसीबीबद्दल एवढी नाराजी का, ते आता सांगतो. यंत्र डोंगर कापतं आणि निघालेली माती बाहेरच्या कडेला ढकलतं. त्यामुळे अर्धी वाट पक्क्या जमिनीवर आणि अर्धी नुसत्या भरावावर होते. दिसायला रुंद, सपाट, सुंदर. पहिल्या पावसात भराव बसतो, भेगा पडतात, दुसऱ्या पावसात तो खाली जातो आणि जाताना खालची झाडंही घेऊन जातो. दुसरं म्हणजे कडेला मातीचा बांध राहतो, तो पाण्याला बाहेर जाऊ देत नाही, आणि परत वाटेचा ओहोळ. हाताने करताना आम्ही पूर्ण वाट मूळ जमिनीत कापतो. निघालेली माती घमेल्याने लांब, झुडपांत पसरून टाकतो, कडेला ढीग ठेवत नाही. आतल्या बाजूचा काप उभा न ठेवता तिरका छाटतो, म्हणजे दरड येत नाही. आणि वाट किंचित बाहेर झुकती ठेवतो: मीटरभर रुंदीला बाहेरची कड आतल्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर खाली. चालताना पायाला जाणवतही नाही, पण पाण्याला कळतं.

एवढ्यावर भागत नाही, कारण चालणाऱ्यांच्या पायाने वाट मधोमध दबते आणि झुकाव दोन-तीन वर्षांत मोडतो. म्हणून दर पंधरा-वीस मीटरवर चढती वाट चार-पाच पावलं खाली उतरवून पुन्हा चढवायची. याला आम्ही डिप म्हणतो. वरून कितीही पाणी वाटेत शिरलं तरी पुढच्या डिपमध्ये त्याला बाहेर पडावंच लागतं, कारण पुढे चढ आहे. डिप खोदून नंतर करता येत नाही असं नाही, पण आखतानाच ठेवला तर फुकट मिळतो. खुंट्या लावताना जमिनीतल्या नैसर्गिक पन्हळी शोधा, तिथेच डिप बसवा.

ओहोळ ओलांडताना काटकोनात उतरा आणि काटकोनात चढा, आणि तळाला मोठे चपटे दगड पक्के बसवा. सिमेंटचा पाइप घालून वर भराव करू नका. तो पाला-फांद्यांनी पहिल्याच महिन्यात तुंबतो आणि मग पाणी भरावच घेऊन जातं. वाट नाळेतून, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतून, वर नेणं तर टाळाच. नाणेघाट तुमच्या शेजारीच आहे, जाऊन बघा. वाट नाळेतून काढायची तर दगडाने बांधून काढण्याशिवाय गत्यंतर नाही हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही माहीत होतं, आणि त्यांच्याकडे जकात गोळा करायला रांजण होता. तुमच्याकडे तेवढी जकात येणार नाही.

पायऱ्या अगदीच लागल्या, एखाद्या कातळटप्प्याखाली घसारा असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर तिथल्याच अनगड दगडांच्या करा. दगड दोन-तृतीयांश जमिनीत गाडलेला हवा, उंची वीतभरापेक्षा कमी. उंच पायरी लोक टाळतात आणि कडेने चढतात. काँक्रीटच्या जिन्याशेजारी पडलेली घसाऱ्याची समांतर वाट कुठल्याही देवस्थानच्या डोंगरावर दिसेल. पेव्हर ब्लॉकचं म्हणाल तर माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर ते घालायचे की नाही हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, यावरून तुम्ही काय ते समजा. प्रवेशाजवळच्या पन्नास-शंभर मीटरवर, व्हीलचेअर आणि म्हाताऱ्या माणसांसाठी, पक्की बसवलेली मुरमाची दाबीव वाट पुरते.

वळणांवर मन लावून काम करा, कारण शॉर्टकट तिथेच पडतात. वाट डोंगरावर नागमोडी गेली आणि वरच्या पट्ट्यावरून खालचा पट्टा दिसला की पोरं सरळ उतरणार. आठ दिवसांत घसाऱ्याची पट्टी तयार. उपाय दोन. एक, वळणं कमीत कमी करा: डोंगराला आडवी लांब मारा, एकदम चार वळणं एकावर एक रचू नका. दोन, वळण एखाद्या मोठ्या धोंड्याभोवती किंवा करवंदाच्या जाळीभोवती घ्या, म्हणजे उतरायला जागाच नसते. जाळी नसेल तर पावसाळ्याच्या तोंडाला करवंद लावा. घाणेरी लावू नका, ती अशीही येतेच.

तर इथपर्यंतचं: आधी कागद, मग गावच्या वाटा, मग बंद ठेवायची बाजू, मग पाऊस, आणि त्यानंतर खुंट्या. आता तुम्ही विचारलेले आकडे.

रुंदी: माणसांच्या वाटेला साठ ते नव्वद सेंटिमीटर कापीव पुरते. प्रवेशाजवळच्या छोट्या फेरीला, जिथे दोघं बरोबर चालतात, सव्वा मीटर. तीन मीटरला कुठेही कारण नाही. तीन मीटर केलात तर आज ना उद्या तिच्यावरून मोटारसायकल येणार, मग गेट, मग गेटशेजारून पाडलेली वाट.

लांबी: आल्या वाटेने परत जायला लोकांना आवडत नाही, म्हणून गोल फेऱ्या करा. प्रवेशापाशी एक किलोमीटरची, जवळजवळ सपाट, पाच टक्क्यांच्या आतल्या चढाची. तिला जोडून तीन-साडेतीन किलोमीटरची, माथ्याला जाऊन येणारी. दीडशे हेक्टरला आणि एक बाजू बंद ठेवून माझ्या मते एवढंच पुरे. निम्म्याहून जास्त माणसं पहिल्या फेरीच्या पलीकडे जातच नाहीत, आणि त्यात काही वाईट नाही. पहिल्या वर्षी फक्त छोटी फेरी करा. एक पावसाळा तिच्यावरून जाऊ दे. कुठे काय बिघडलं ते पाहून मग माथ्याची वाट कापायला घ्या.

सायकल: त्याच वाटेवर नको, निदान आता नको. उतारावर वेगात येणारी सायकल आणि वळणावर उभी असलेली आजी यांची गाठ पडली की दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत वाट बंद करायचा ठराव येतो. सायकलवाली मंडळी खरंच नियमित येणार असतील, आणि वाटेच्या देखभालीला महिन्यातून एक सकाळ देणार असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी, एकाच दिशेने फिरायची फेरी पुढच्या टप्प्यात विचारात घ्या. नुसतं ‘मागणी आहे’ एवढ्यावर करू नका.

तुमच्या भागात बिबट्याबद्दल मी सांगायची गरज नाही, उसातला बिबट्या तुम्हाला जास्त माहीत आहे. वाट आखताना त्याचा अर्थ एवढाच की पाणवठ्यापासून वाट चांगली लांब, आणि वेळ सूर्योदयानंतर ते सूर्यास्ताआधी. पहाटे अंधारात फिरायला येणारे वाद घालतील, घालू दे. पाळीव कुत्री आणायला बंदी, कारण कुत्रं हे बिबट्याला आमंत्रण असतं. जास्त दुर्लक्षित धोका आग्या मोहोळाचा. कड्याच्या पोटात काळी लोंबती पोळी दिसतात, त्यांच्या खालून किंवा जवळून वाट कधीही नेऊ नका. धूर, अत्तर, मोठा आवाज, एवढ्याने माश्या उठतात, आणि अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. पोळी कधी कुठल्या कड्याला लागतात ते मध काढणाऱ्यांना विचारा, ती सहसा दरवर्षी त्याच जागी येतात.

वणव्याच्या दिवसांत, फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, डोंगरावर काडीपेटी आणि सिगारेट नको. वाट स्वच्छ ठेवली तर गवतातली बारीक आग तिच्यापाशी अडवता येते, हा फायदा आहे. पण वनखात्याच्या जाळरेषेलाच, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्टीलाच, फिरायची वाट करू नका. जाळरेषा उतारावर सरळ चढते, तिचं काम वेगळं आहे.

आता बुजवायच्या वाटा. इथे बहुतेक ठिकाणी काम कच्चं राहतं. तोंडावर दोन काटेरी फांद्या टाकल्या, झालं. फांद्या आठवड्यात बाजूला होतात. घळ पडलेल्या वाटेत खालून वर ठरावीक अंतराने छोटे अनगड दगडी बांध घाला, जसे नाल्यात घालता तसेच, गुडघ्याच्या आतल्या उंचीचे. एका पावसात त्यांच्यामागे माती साठते, गवत धरतं. वाटेचं तोंड पहिले पंधरा मीटर पूर्ण झाका: जमीन उकरा, दगड टाका, आजूबाजूचा पाला पसरा, झुडपं लावा. वाट डोळ्याला दिसली नाही की पाय जात नाही. आणि बुजवायच्या आधी नवी वाट सुरू झालेली हवी, नाहीतर लोक तुमचे दगड काढून टाकतील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

काम दिवाळीच्या सुमाराला काढा. जमिनीत ओल असते, टिकाव बसतो, कापलेली वाट दाबली जाते. मे महिन्यात कापलेली माती नुसती धूळ असते, पहिल्या वळवात खाली. मुरमाड उतारावर एक माणूस दिवसाला साधारण पाच ते दहा मीटर वाट नीट पुरी करतो, कातळ लागला की दोन मीटरही होत नाहीत. यावरून मजुरीचा हिशेब तुम्हीच काढा. ठेकेदाराच्या आकड्याशेजारी तो ठेवून ग्रामसभेत वाचा, आणि हेही सांगा की ही मजुरी गावातल्याच हातांना मिळेल. ठेकेदाराला पार्किंगची सपाटी आणि गेटजवळचं स्वच्छतागृह ही कामं द्या. पार्किंग मात्र लहान ठेवा, कारण डोंगरावर किती माणसं असतील हे पार्किंग ठरवतं, फलक नाही.

फलक थोडेच. प्रत्येक फाट्यावर एक दगडी किंवा लाकडी खांब आणि त्यावर नुसता क्रमांक. पाय मुरगळलेला माणूस फोनवर ‘मोठ्या झाडाजवळ आहे’ सांगतो तेव्हा काहीच कळत नाही, ‘सात नंबरला आहे’ म्हटलं की पोरं दहा मिनिटांत पोहोचतात.

देखभालीला वर्षातून दोन फेऱ्या लागतात: मेच्या अखेरीस डिपमधला पालापाचोळा काढायला, आणि पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी, पाणी कुठे तुंबलंय ते बघत फावडं मारायला. सप्टेंबरात वाटेवरचं गवत कापायचं ते वेगळं, घोणस दिसली पाहिजे म्हणून. हे करणारी चार-पाच माणसं आत्ताच नावाने ठरवा आणि त्यांना त्याचा रोज द्या. श्रमदानावर सुरुवात होते, तिसऱ्या वर्षी कुणी येत नाही.

पैसा कुठून, हा कळीचा मुद्दा. फिरणार शहर आणि झाडणार गाव, असं होऊ देऊ नका. पार्किंगचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात, पावती देऊन. शहरातले रोज येणारे लोक ओळखीचे असतात, त्यांचा वार्षिक पास काढा. ते सहसा कुरकुर न करता देतात, आणि दारूच्या बाटल्या किंवा रात्री केक कापणारी टोळकी दिसली तर तेच पहिला फोन करतात. नगरपालिका मदत द्यायला तयार असेल तर घ्या, पण लेखी करारावर, आणि वाटेबद्दलचा शेवटचा शब्द ग्रामसभेचा राहील हे त्यात स्पष्ट असू दे.

ठरावात तीन कलमं विसरू नका: हिरड्याच्या हंगामात वाट अंशतः बंद ठेवायचा अधिकार समितीला, अतिवृष्टीच्या दिवशी पूर्ण बंद ठेवायचा अधिकार समितीच्या एका सदस्याला फोनवरून, आणि नवी कुठलीही वाट, कितीही छोटी, कुणीही मागितली तरी, एक पावसाळा खुंट्या लावून बघितल्याशिवाय कापायची नाही.